सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेल्या माणसाला स्कॉटलंडमधील गोटफेल शिखर अवघड जाईल का, आणि बूट कोणते घ्यावेत?

चढाई झेपेल, परंतु कळसूबाईच्या तुलनेत 874 मीटर उंचीचा गोटफेल म्हणजे टेकडीच, हे आपले गृहीतक मला मान्य नाही. माझ्या मेहुण्यांचेही हेच म्हणणे होते. गोटफेल ॲरन बेटावर आहे आणि चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होत असल्यामुळे ते 874 मीटर पुरेपूर चढावे लागतात. कळसूबाईच्या 1646 मीटरांपैकी बराच भाग मात्र बारी गावापर्यंत गाडीनेच पार होतो.

मेहुणे ग्लासगोला आमच्याकडे आले असताना आम्ही ॲरनवरील ब्रॉडिक गावाहून निघालो. वाट बहुतांशी बांधीव आहे, पण शेवटच्या टप्प्यात मोठमोठ्या शिळांमधून चढावे लागते. आम्ही माथ्यावर पोहोचलो तोवर ढग उतरले होते. मेहुण्यांना तरीही ‘स्टॅकच’ नावाच्या खडकाळ धारेवरून शेजारच्या नॉर्थ गोटफेल शिखराकडे जायचे होते. मी ठाम नकार दिला आणि आम्ही आल्या वाटेने उतरलो. हा भित्रेपणा होता असे ते आजही घरच्यांसमोर सांगतात, म्हणून कारण स्पष्ट लिहितो. सह्याद्रीचा बेसॉल्ट म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर, त्यामुळे कातळटप्प्यावरही पाय ठेवायला जागा सापडते. गोटफेलचा ग्रॅनाइट जमिनीखाली सावकाश थिजलेला आहे. कोरडा असताना त्याचे भरड स्फटिक बुटाला उत्तम पकड देतात, परंतु त्याच्या झिजेतून निघालेली रेती उतरत्या कातळावर पसरली की आपल्याकडच्या घसाऱ्यासारखाच पाय निसटतो, आणि कातळ ओला असेल तर धोका आणखी वाढतो. धारेवरील सुळक्यांना पूर्वेकडून बगल देणारी पायवाट आहे, पण ती ढगात शोधत बसण्यात कसले शौर्य आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. हरिश्चंद्रगडावर धुके असतेच, हा त्यांचा युक्तिवादही गैरलागू आहे, कारण तेथे पावसात भिजलेला माणूस कुडकुडतो, तर येथे वाऱ्यात भिजलेल्या माणसाच्या जिवावर उन्हाळ्यातही बेतू शकते.

बूट घोट्याला आधार देणारे आणि खोल खाचांच्या तळव्याचे असावेत. नकाशा व होकायंत्र वापरता आलेच पाहिजे. हे सर्व उन्हाळ्यापुरते आहे; डिसेंबरात उजेड जेमतेम सात तास असतो आणि माथ्यावर बर्फ असू शकतो, तेव्हा बर्फावर चालण्याच्या तंत्राचे शिक्षण नसेल तर जाऊच नये. आणि सोबत कोणी असेल, तर एकाने परत फिरू म्हटल्यास सर्वांनी फिरायचे, हे ब्रॉडिक सोडण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.