रिपोर्टमधलं नाव आधी, मग गुगल

प्रश्न : माझ्या बाबांचं वय ५८. गेल्या महिन्यात शेतातून आल्यावर एकदम फिट आली, एमआरआय केला तर मेंदूत गाठ, ऑपरेशन झालं आणि आता रिपोर्टमध्ये ग्लिओब्लास्टोमा ग्रेड ४ लिहिलंय. डॉक्टर घाईत होते, रेडिएशन आणि गोळ्या घ्याव्या लागतील एवढंच म्हणाले. नातेवाईक विचारतात लास्ट स्टेज आहे का. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवीन काढा येतो, रात्री मी गुगल करते आणि झोपच लागत नाही. खरी माहिती कुठे वाचू? मोबाईलमुळे झालं असेल का? – एक मुलगी, जि. सांगली

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून जीव कळवळला. आधी एक करा, नुसतं 'ब्रेन कॅन्सर' टाकून शोधणं आजपासून बंद. मेंदूच्या गाठींचे शंभराहून जास्त प्रकार आहेत, काही कॅन्सरच्या नसतातच, काही फुप्फुसातून किंवा स्तनातून मेंदूत पोचलेल्या असतात, आणि तुम्ही रात्री जे वाचताय ते बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या आजाराबद्दल असतं. बाबांचा बायोप्सी रिपोर्ट हातात घ्या, त्यात आयडीएच आणि एमजीएमटी हे दोन शब्द शोधा, ही गाठीच्या पेशींतल्या दोन जीन्सची नावं आहेत. ग्लिओब्लास्टोमात, म्हणजे मेंदूतच सुरू होणाऱ्या या कॅन्सरमध्ये, आयडीएचपुढे 'वाइल्डटाइप' (त्या जीनमध्ये बदल नाही) असतं, आणि एमजीएमटी 'मिथायलेटेड' (ते जीन बंद पडलेलं) असेल तर टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळीचा उपयोग जास्त होतो. या टेस्ट केलेल्याच नसतील तर ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या तुकड्याचा मेणात जपलेला ब्लॉक लॅबमध्ये ठेवलेला असतो, त्यावर आताही करता येतात, डॉक्टरांना विचारा.

नातेवाइकांना सांगा, मेंदूच्या गाठीला स्टेज देत नाहीत, ग्रेड देतात. ग्रेड म्हणजे पेशी किती जोमाने वाढतायत ते. ग्रेड ४ म्हणजे सगळ्या अंगात पसरलं असं नाही, हा आजार मेंदूबाहेर क्वचितच जातो. पण मी तुमच्यापासून काही लपवणार नाही, आजार कठीण आहे आणि बहुतेकांना परत उलटतो. २००५ मध्ये युरोप-कॅनडातल्या ५७३ पेशंटचा अभ्यास छापून आला, नुसत्या रेडिएशनवर निम्मे पेशंट साधारण १२ महिन्यांच्या पुढे जगले, सोबत टेमोझोलोमाइड दिल्यावर १४.६ महिन्यांच्या पुढे, आणि दोन वर्षांनी हयात असणारे १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. हे वाचून घाबराल म्हणून नीट सांगते, १४.६ ही बाबांना दिलेली तारीख नाहीये, निम्मे त्याच्यापुढे गेले असा तो आकडा आहे, कोण किती पुढे जाईल हे वय, तब्येत, गाठ किती काढता आली, एमजीएमटी काय आलं यावर ठरतं. आजही साधारण तीच पद्धत चालते, सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत रोज गोळी, मग थोडे दिवस थांबून दर २८ दिवसांत ५ दिवस गोळ्या.

वाचायचं कुठे? अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची पीडीक्यू नावाची माहिती आहे, त्यात पेशंटसाठी सोप्या भाषेतला वेगळा भाग असतो आणि शेवटचा बदल कधी केला ती तारीखही असते. इंग्रजी आहे, भावाला किंवा कॉलेजातल्या कुणाला शेजारी बसवून वाचा. दुसरं मत हवं असेल तर मुंबईला लगेच धावायची गरज नाही, टाटा मेमोरियलशी जोडलेली 'नव्या' ही ऑनलाइन सेवा आहे, रिपोर्ट अपलोड केले की तज्ज्ञांचं मत घरी मिळतं. एमआरआयची सीडी, डिस्चार्ज समरी आणि बायोप्सी रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा, ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या, कुठेही गेलात तरी हेच मागतात. खर्चासाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले योजनेत बसतं का विचारा, आणि हे उपचार सुरू व्हायच्या आधी विचारा.

काढ्यांबद्दल स्पष्टच बोलते. जिथे 'शंभर टक्के बरा' लिहिलंय आणि खाली ऑर्डरचा नंबर आहे तिथून काहीही घेऊ नका. टेमोझोलोमाइडने प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून मधूनमधून रक्त तपासतात, त्यात कशाकशाच्या भुकट्या पोटात गेल्या आणि लिव्हर बिघडलं तर चालू उपचार थांबवावे लागतात. काही देतच असाल तर डॉक्टरांना सांगा, ते रागावतील म्हणून लपवू नका.

मोबाईलचं म्हणाल तर २०११ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने मोबाईलच्या लहरींना 'कॅन्सर होणं कदाचित शक्य' अशा गटात टाकलं होतं, पण २०२४ मध्ये डब्ल्यूएचओनेच करून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात संबंध दिसला नाही. बाबांनी काही चुकीचं केलं म्हणून हे झालं नाही.

पुन्हा फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ गाडीत घालून हॉस्पिटल गाठा. सूज उतरायची स्टिरॉइडची गोळी आणि फिटची गोळी बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायची नाही. आणि टेमोझोलोमाइड चालू असताना ताप आला तर सकाळची वाट न बघता फोन करा, म्हणून पुढच्या भेटीत रात्री फोन कुणाला करायचा तो नंबर आधी लिहून घ्या.