वाचकांच्या पैशावर पत्रकारिता: आधी एवढंच कर

नोकरी सोडून स्वतःचं चॅनल काढायचं म्हणतोस, उत्तम. पण राजीनामा थोडा थांबव. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा सुरू व्हायलाच 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तासांचा वॉच टाइम लागतो (किंवा शॉर्ट्सचे 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज). त्यावर मुंबईतलं घरभाडं निघेल, हे तर विसरच.

आधी विषय आवळ. राज्याच्या राजकारणावर बोलायला गल्लोगल्ली माणसं बसलीत. तू गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व वॉर्ड धर: पाणी, कचरा, महापालिकेची टेंडरं. माहिती अधिकाराच्या 10 रुपयांच्या अर्जातून जी बातमी निघते, ती रील करणाऱ्याकडे नसते. लोक पैसे देतात ते अशा बातमीला. (थोडे चेहऱ्यालाही देतात, असो.)

नवे लोक हमखास घसरतात ते इथे:

- पैसे मागायला लाजतात. प्रत्येक बातमीखाली यूपीआयचा क्यूआर टाक आणि मागच्या महिन्याचा खर्च जाहीर कर. महिना 100 रुपये देणारे 200 वाचक म्हणजे 20,000. पोट भरत नाही, पण प्रवास आणि कॅमेरामन सुटतो.
- ज्या बिल्डरची बातमी करायची, त्याचीच जाहिरात घेतात.
- परदेशी नागरिकाची देणगी घेतात. चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थांना परदेशी देणगी घ्यायला परदेशी देणग्यांच्या कायद्याची (एफसीआरए, 2010) मनाई आहे.

पत्रकार पी. साईनाथांची 'पारी' ही ग्रामीण भारतावरची वेबसाइट 2014 पासून चालू आहे, देणग्यांवर. ती मागणी कशी करते ते बघ. ट्रस्ट की कंपनी, जीएसटी वगैरे घोळ पहिले 50 देणारे जमल्यावर.