बुरशी खुडून टाकली तर भाकरी खावी का?

प्रश्न : पावसाळ्यात डब्यातल्या भाकरीवर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बुरशी धरते. आमच्याकडे तेवढा भाग खुडून टाकतात आणि उरलेली भाकरी खातात. बुरशीपासूनच पेनिसिलीन निघाले, मग ती अपायकारक कशी, असे सासूबाई विचारतात. बुरशी ही वनस्पती आहे का आणि पावसाळी अळंबीशी तिचे काय नाते, हेही सांगावे. – एक वाचिका, चिपळूण

उत्तर : अशी भाकरी संपूर्ण टाकून द्यावी, हे आधी सांगतो. बुरशी लागलेला तुकडा भिंगातून पाहिला, तर कापसाच्या विंचरलेल्या धाग्यांसारखे पांढरे तंतू आणि अनेकदा त्यांच्या टोकांशी टाचणीच्या डोक्यासारखे काळसर ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांत बीजाणू असतात आणि ते हवेबरोबर पसरतात. आपल्या डोळ्यांना रंग दिसू लागतो तो बीजाणू तयार झाल्यावर, पण तोपर्यंत बुरशीचे तंतू भाकरीच्या पोटात बरेच खोलवर गेलेले असतात. डाग खुडला तरी ते आत राहतातच.

बुरशी वनस्पती नाही. तिच्यात हरितद्रव्य नसते, त्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. ती आपली पाचक द्रव्ये अन्नावर सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. कोळंबीचे कवच ज्या कायटिनचे असते, त्याच कायटिनच्या तिच्या पेशींच्या भिंती असतात. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी मांडलेल्या वर्गीकरणात बुरशींना स्वतंत्र सृष्टी मिळाली, आणि वंशाच्या दृष्टीने त्या वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळच्या आहेत.

आता सासूबाईंचा मुद्दा. १९२८ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जिवाणूंच्या बशीत बुरशी वाढलेली आढळली आणि तिच्याभोवतीचे जिवाणू नाहीसे झालेले दिसले. तिच्यातले जिवाणूंना मारणारे द्रव्य, म्हणजेच पेनिसिलीन, शुद्ध करून औषध म्हणून वापरण्याजोगे करायला पुढे एक तपाहून अधिक काळ गेला. आपल्याकडे त्यासाठी १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. कारखान्यात निवडलेली एकच बुरशी वाढवतात आणि तिच्यातून एकच द्रव्य वेगळे काढतात. भाकरीवर मात्र कोणती बुरशी आली आहे, हे घरी कळण्याचा मार्ग नाही. शेंगदाणे आणि मका यांवर येणारी एक पिवळट-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृतावर आघात करते आणि नेहमीच्या शिजवण्याने नष्ट होत नाही. १९७४ मध्ये गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानमधील बांसवाडा या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत असा मका खाऊन शंभराच्या आसपास माणसे दगावली; पाऊस अवेळी आला, कणसे भिजली आणि घरात दुसरे धान्य नव्हते. म्हणून खवट, कुबट वासाचे किंवा सुरकुतलेले दाणेही भाजून कुटात घालू नयेत.

अळंबी म्हणजे अशाच तंतूंचे फळ म्हणता येईल. कोकणात आणि गोव्यात वारुळावर उगवणारी अळंबी तर वाळवीच्या शेतीतून येते. वाळवी लाकूड आणि पालापाचोळा खाऊन विष्ठेचे स्पंजासारखे सच्छिद्र थर रचते. त्यांवर बुरशी वाढते, वाळवीला न पचणारा लाकडाचा भाग पचनाजोगा करते आणि वाळवी तो खाते. जोराचा पाऊस झाला की त्या थरांतून अळंबीचे कोंब माती भेदून वर येतात. देठ हलक्या हाताने मोकळा केला, तर तो खाली मुळासारखा निमुळता होत थेट वारुळातल्या त्या थरापर्यंत गेलेला आढळतो.

ही अळंबी चविष्ट असते, पण ओळखणारे जाणते माणूस बरोबर नसेल तर रानातली कोणतीही छत्री तोडू नये. चांदीचे नाणे काळे पडते का किंवा लसूण रंग बदलतो का, या परीक्षा भरवशाच्या नाहीत. तोडतानाही काही छत्र्या बीजाणू पडण्यासाठी राहू द्याव्यात आणि वारूळ खणू नये; ते शाबूत असेल तर पुढच्या पावसात अळंबी त्याच जागी पुन्हा उगवू शकते.