वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यात खरखरणारी बेस गिटार

प्रश्न : लिलावात बोली जिंकून मी जुनी बेस गिटार घेतली. पावसाळा लागल्यापासून पहिल्या तीन-चार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा खरखरतात. ती तशीच विकावी का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तशीच विकू नये. पुण्याच्या जुलैतील दमट हवेत लाकूड ओल धरते आणि गिटारीची मान किंचित मागे झुकली, की नेमक्या पहिल्या फ्रेटवरच तारा खरखरू लागतात. सर्वांत जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी व सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाहावे. तेथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर फट हवी. ती मुळीच नसेल, तर मानेतील ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई) योग्य मापाच्या चावीने डावीकडे पाव फेरा सैल करावा, चारही तारा पुन्हा सुरात लावाव्यात आणि मगच तपासावे. रॉड अडल्यास जोर करू नये. (उतावळेपणाने मी एकदा त्याचा नट झिजवून बसलो, ती दुरुस्ती गिटारीपेक्षा महाग पडली.) खरखर वरच्या, म्हणजे गिटारीच्या धडाकडील, फ्रेटवर असती, तर मात्र आधी ब्रिजवरील (धडावर तारा जेथे अडकवतात त्या भागावरील) सॅडलची, म्हणजे तारा टेकतात त्या तुकड्यांची, उंची पाहावी लागली असती. विकताना ग्राहकाला प्रत्येक फ्रेट अँप्लिफायरवर वाजवू द्यावा.