क्लाइंबिंगसाठी हलकं सॉफ्टशेल जॅकेट घेताना
बडोद्याच्या थंडीत पावागडावर चढायला पातळ विंडचीटर पुरतो. सॉफ्टशेलचा, म्हणजे वारा अडवणाऱ्या लवचिक जॅकेटचा, खरा उपयोग मनाली-उत्तरकाशीच्या गिर्यारोहण कोर्सला. बिनअस्तराचं, 300 ते 400 ग्रॅमचं घे. मेम्ब्रेनवालं, म्हणजे आत वारा-पाणी अडवणारा पातळ थर असलेलं, नको; चढताना घाम आतच कोंडतो आणि बिले देत, म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळत, उभं राहिलं की तोच गार पडून हुडहुडी भरते. दुकानात हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) बांधूनच घालून बघ, दोन्ही हात पूर्ण वर ने. खालची कड हार्नेसमधून निसटली तर काखेचा कट चुकीचा आहे, मोठा साइज घेऊन ते सुधरत नाही. खिसे हार्नेसच्या पट्ट्याच्या वर हवेत. हुड हेल्मेटवरून चढवून मान वळवून बघ. पावसासाठी रेनजॅकेट वेगळं लागतंच. आणि धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात घालू नकोस, मग कापड पाणी झटकत नाही.