आयटीआय केलं तर पुढचं शिक्षण संपतं का?

तीन वर्षांपूर्वी दहावीच्या निकालानंतर गोव्यातल्या डिचोली भागातलं एक कुटुंब माझ्याकडे आलं. आईने बसता बसताच सुरुवात केली, "टीचर, तुम्हीच याला समजवा. इलेक्ट्रिशियन करणार म्हणतो. एकदा आयटीआयत गेला की शिक्षण संपलंच. निदान बारावी तरी होऊ दे."

मुलगा गप्प, वडीलही गप्प. ते खाणीवर ट्रक चालवायचे. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाण लीजचं नूतनीकरण रद्द केलं, आणि त्यानंतर त्यांनी ट्रक विकला. इतकी वर्षं काम केलं, पण ते काम येतं हे सांगणारा एक कागद हाती नव्हता. आईची भीती तिथून आली होती. मी ती खोडून काढली नाही.

दर जून महिन्यात हाच प्रश्न घेऊन पालक येतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. गोव्यात आयटीआय कौशल्य विकास व उद्योजकता संचालनालयाकडे, पॉलिटेक्निक तंत्रशिक्षण संचालनालयाकडे आणि बारावी गोवा बोर्डाकडे. बाहेरून ही तीन वेगळी घरं दिसतात. आतली दारं कुणी दाखवत नाही.

मी वहीच्या पानावर ती दारं काढली. इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि देशभर चालणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. दहावीनंतरचा हा दोन वर्षांचा कोर्स झाला, की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. बारावीच हवी असेल तर मुक्त विद्यालयाशी, म्हणजे एनआयओएसशी, 2016 मध्ये करार झालाय: भाषेसह मोजके विषय दिले की आयटीआयवाल्याला बारावीचा दाखला मिळतो.

"म्हणजे बारावी होणार?" आईने दोनदा विचारलं.

होणार, पण आपोआप नाही. एनआयओएसचा फॉर्म आपणच भरायचा. खाती जोडलेली असली तरी मुलाचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपणच न्यावा लागतो. चांगली मुलं मागे राहताना मी पाहते ती इथेच, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

या मुलाचंही तसंच होता होता राहिलं. आयटीआय पास झाल्यावर अप्रेंटिसशिपसाठी, म्हणजे शिकाऊ उमेदवारीसाठी, त्याने नाव नोंदवलं आणि नुसती वाट पाहत बसला. चौकशी केल्यावर कळलं, पोर्टलच चुकलं होतं. अप्रेंटिसशिपचा कायदा एकच, 1961 चा. पण डिप्लोमा-पदवीवाल्यांचं काम शिक्षण मंत्रालयाच्या पोर्टलवर चालतं आणि आयटीआयवाल्यांचं कौशल्य विकास मंत्रालयाच्या. त्याने नव्याने नोंदणी केली. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे औद्योगिक वसाहतीत विचारायला लाजू नकोस, असंही मी त्याला सांगितलं.

आता तो कुंडईला एका कारखान्यात शिकतोय. डिप्लोमा त्यानंतर बघू म्हणतो. आईला ते पटलेलं नाही. तिला यंदाच प्रवेश हवा होता. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला होता. एनआयओएसच्या फॉर्मला आयटीआयची मार्कशीट मूळ लागते की झेरॉक्स चालते, हे विचारायला.