सगळे आंबे फळं, काही फळं आंबट, मग 'काही आंबे आंबट' हा निष्कर्ष चूक कसा?

चूकच आहे, कारण 'काही फळं' म्हटलं की त्यात आंबे आलेच असं कुठंय, ती नुसती चिंचा-लिंबंही असू शकतात. वहीत फळांचा मोठा गोल काढा, आत आंब्यांचा छोटा, आणि आंबटचा गोल मोठ्याला कापेल पण छोट्याला शिवणार नाही असा काढून बघा, जमतो ना? अशी एक जरी आकृती जमली की निष्कर्ष बाद. घरातलं कैरीचं लोणचं विसरायचं, दिलेल्या विधानांबाहेरचं काही धरायचं नाही (बँकेच्या परीक्षेचं रीझनिंग शिकवतो, पोरं इथंच मार्क घालवतात). फक्त निष्कर्षात 'शक्यता आहे' असेल तर उलटं, तिथे दोन गोल शिवणारी एक आकृती निघाली तरी बरोबर.